हजारातली छाट

दुःखात ओढली असती तर निदान सांगायला बरं पडलं असतं. घरातलं कोणी गेलं, नोकरी सुटली, अशा वेळी माणूस परत सिगरेटकडे वळला तर लोक समजून घेतात. माझं तसं काहीच झालं नव्हतं. उलट त्या दिवशी आमचं कस्टमर ऑडिट पास झालं होतं.

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. पुण्याहून आलेल्या दोघांनी दोन दिवस आमची कागदपत्रं, गेज, लाइन सगळं उलटंपालटं केलं आणि शेवटी हसून हात मिळवून ते गेले. बाहेर जूनचा पाऊस लागलेला. आम्ही चौघं गेटसमोरच्या टपरीवर निळ्या ताडपत्रीखाली अंग चोरून उभे. मामांनी चहा ओतला. आमच्यातल्या एका नवीन पोरानं खिशातून पाकीट काढलं आणि सगळ्यांपुढे फिरवलं, बिस्किटं फिरवावीत तसं. तो यंदाच लागलेला, मी कधी ओढायचो हेच त्याला माहीत नव्हतं. सोडली होती हे तर दूरच. माझ्यापुढे पाकीट आलं आणि माझ्या हातानं एक उचलली.

‘माझ्या हातानं’ असं म्हणतोय ते जबाबदारी झटकायला नाही. खरंच हातच पुढे होता, मी दोन पावलं मागे. दोरीला लटकवलेला लायटर हातानं न बघता धरला, पाऊस आडवा येतोय म्हणून ओंजळ केली, सगळं जागच्या जागी. चौदा महिने तो हात काही विसरला नव्हता.

चव भिकार होती. दुसऱ्याच झुरक्याला गरगरलं, पोटातून ढवळून आलं. कॉलेजात पहिल्यांदा ओढली तेव्हा झालं होतं अगदी तसं. मला आनंदच झाला. म्हटलं, बघ, आपल्याला आता झेपत नाही, म्हणजे आपण सुटलो. अर्धी टाकून दिली. ऑडिट पास, सिगरेट नापास, असा विनोदही केला बहुतेक.

तिसऱ्या दिवशी परत गेलो.

पाकीट मात्र घेतलं नाही. सुटी घेतली. सुटीचं एक बरं असतं, पाकीट घेतलं की तुम्ही सिगरेट ओढणारे होता, आणि सुटी घेतली की तुम्ही फक्त एक सिगरेट ओढलेली असते. महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, आणि ती का आहे हे मला त्या पाच आठवड्यांत नीट कळलं. पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर इशारा आणि चित्र असतं, सोडायची असेल तर कुठे फोन करायचा तो नंबर असतो. सुटी घेणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतात मामांची दोन बोटं. बंदी असून टपरीवर सुटी कशी मिळते, हे नाशिककराला मी सांगायला नको.

पुढचं सगळं ओळीनं झालं. एकाच्या दोन, दोनाच्या चार. सुटे पैसे नाहीत म्हणून मामांच्या वहीत उधारी. स्कूटरच्या डिकीत बडीशेप, लवंग, वेलदोडे आणि हात धुवायला पाण्याची बाटली. घरी जाताना महात्मानगरच्या मैदानाला एक चक्कर, कपड्यांचा वास जावा म्हणून. पन्नाशीकडे निघालेला माणूस, दोन मुलांचा बाप, आणि दहावीतल्या पोरासारखा शर्टाची बाही नाकाला लावून बघतोय.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट फोनमधलं ते अॅप. २०२४ च्या गुढीपाडव्याला सिगरेट सोडली तेव्हा मी ते घेतलं होतं. किती दिवस झाले, किती पैसे वाचले, किती सिगरेटी टळल्या, असं ते रोज सकाळी सांगायचं. टपरीवर गेलो त्या दिवशी आकडा ४३४ होता. ‘पुन्हा सुरुवात करा’ असं त्यात एक बटण आहे. ते दाबायला माझं बोट धजेना, कारण दाबलं की शून्य. म्हणून ते चालूच राहिलं. सकाळी मी संडासात चोरून ओढत असताना फोन वाजायचा : अभिनंदन, ४५० दिवस! पुढे ४६०. माझ्या नावावर पैसे वाचतच होते. शेवटी मी सिगरेट सोडायच्या ऐवजी अॅप काढून टाकलं.

आता मागे वळून बघितलं की वाटतं, घात त्या पहिल्या सिगरेटीनं केला नाही, शून्यानं केला. आपल्याकडे उपासाचं जे होतं तेच. एकादशीला कोणीतरी विसरून चिवड्याचा घास तोंडात टाकतो, लक्षात आल्यावर जीभ चावतो, आणि मग म्हणतो, मोडलाच आहे तर आता जेवूनच घेतो. एका घासाची भरपाई पूर्ण ताटानं. अॅलन मार्लट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं व्यसनं सुटल्यावर परत कशी लागतात यावर १९८५ च्या सुमारास बरंच लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं, की चूक होणं वेगळं आणि परत व्यसनात पडणं वेगळं. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत माणसाला जे ढकलत नेतं, त्यात ‘झालं, आपण मुळातच नालायक’ या भावनेचा मोठा हात असतो. मी हे वाचलं ते नंतर. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की ४३४ दिवसांचं पाणी झालं आणि आता परत एक, दोन, तीन मोजायला माझ्यात ताकद नाही.

आणि खोटं कशाला बोला, ते पाच आठवडे मला सुखाचेही वाटत होते. ते कबूल केल्याशिवाय या लेखाला काही अर्थ नाही. सकाळचा पहिला झुरका, कंपनीचा भोंगा आणि मामांच्या स्टोव्हचा आवाज, या तिघांचं एक कोष्टक माझ्या डोक्यात पंचवीस वर्षांपूर्वीच बसलंय. धूर आत घेतल्यापासून दहा सेकंदांच्या आसपास निकोटिन मेंदूत पोचतं. कुठल्या देवाची कृपा इतक्या लवकर होते?

बायकोला पंधरा दिवसांतच कळलं होतं. ती बोलली नाही. आमच्याकडे ती बोलत नाही तेव्हा जास्त जपून राहावं लागतं. एका रात्री गॅसचा ओटा पुसता पुसता म्हणाली, “मला सिगरेटचा राग नाही. वेलदोड्याचा आहे.” आणि आत गेली. मी ओट्यापाशी तसाच उभा. वेलदोडा तोंडातच होता.

आईला मात्र पहिल्या दिवशीच कळलं असणार. तिच्या नाकापुढे माझी बडीशेप म्हणजे पोरखेळ. आई सिन्नरची. विड्या वळण्यात तिची वीस वर्षं गेली.

ज्यांना सिन्नर म्हणजे फक्त शिर्डीच्या वाटेवरचं गाव वाटतं, त्यांच्यासाठी सांगतो. औद्योगिक वसाहत येण्याच्या कितीतरी आधी सिन्नर विड्यांसाठी ओळखलं जायचं. घरोघरी, ओट्याओट्यांवर बाया मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असायच्या. माझ्या लहानपणीचा आमच्या घराचा वास म्हणजे रात्री भिजत घातलेल्या तेंदूच्या पानांचा, ओल्या गोणपाटाचा आणि तंबाखूचा. सकाळी आई पानं काढायची, त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं एका मापात कापायची. मग सूप मांडीवर. पान डाव्या तळहातावर, चिमटीनं तंबाखू, अंगठ्यानं एक वळण, तोंड दुमडून नखानं दाबायचं, दोऱ्याचा वेढा आणि टच्‌कन तोडायचा. सगळं बोलता बोलता. माझी उजळणी घेता घेता. बारा पंचे साठ म्हणेपर्यंत एक विडी सुपात पडलेली असायची.

हजाराचा हिशेब असायचा. मजुरी हजारावर. संध्याकाळी आई कट्टे बांधून कारखान्यात न्यायची, कधीकधी मी बरोबर. तिथे तपासणारा माणूस कट्टा हातात घेऊन दाबायचा, दोनचार विड्या उपसून बघायचा. सैल, फाटकी, आखूड, ठेचलेली अशी जी निघेल ती बाजूला. तिला म्हणायचं छाट. छाटीचे पैसे मिळत नसत, आणि ती विडी परतही मिळत नसे. ती कुठे जायची ते सगळ्या बायांना माहीत होतं, विचारत कोणी नव्हतं. एखाद्या दिवशी त्याचा मूड नसला की छाट जास्त. आई त्या दिवशी घरी येताना बोलायची नाही, नुसती भराभर चालायची आणि मी मागे पळायचो.

माझी पाचवीपासूनची वह्या-पुस्तकं विडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीतून आली. विड्यांवर सरकार उपकर घ्यायचं, १९७६ च्या कायद्यानं त्याचा कल्याण निधी झाला, त्यातून ती मिळायची. म्हणजे कुठेतरी कोणीतरी विडी ओढत होतं म्हणून मी शिकलो. आणि आईनं जन्मात एक झुरका घेतला नाही, तरी तिचा खोकला आजही हिवाळ्यात घर दणाणून सोडतो. वीस वर्षं तंबाखूची धूळ नाकातोंडात. नाशिकची जानेवारी आली की ती रात्री उशीला टेकून बसून असते. या दोन गोष्टींची बेरीज कशी करायची हे मला अजून जमलेलं नाही. करूही नये कदाचित.

तर जुलैतली एक संध्याकाळ. आई गॅलरीत मेथी निवडत बसलेली. मी बूट काढत होतो.

“किती दिवस झाले रे परत?”

मी काय किती, कसले दिवस, असं काहीतरी पुटपुटलो.

“बरं, राहू दे.” एक जुडी संपली, दुसरीचा दोरा सोडला. “आधी किती दिवस सोडली होतीस?”

“चौदा महिने.”

“मग ते कुठे गेले?”

“कुठे म्हणजे? गेले. परत पहिल्यापासून.”

आईनं माझ्याकडे बघितलं. मी चुकीचा पाढा म्हटला की बघायची तसं. “छाट निघाली म्हणून हजार फेकून देतं का कोणी? छाट बाजूला काढायची, बाकीचे मोजायचे.”

मी हसलो. थोडंसं वरवरच. तशी ती चिडली. तिला वाटलं, मी तिच्या विड्यांना हसलो. “हसतो काय? एका दिवशी शंभर छाट काढली होती मेल्यानं. म्हणून काय दुसऱ्या दिवशी पानं भिजत घातली नाहीत?” आणि मग, जरा वेळानं, मेथीशीच बोलल्यासारखं, “छाट जास्त निघाली की समजावं, पानंच नीट भिजली नव्हती. आदल्या रात्रीचं काम असतं ते.”

पहिल्या वाक्यानं मला धीर आला. झोप उडवली ती दुसऱ्यानं. कारण तीच तर माझी नोकरी आहे. माल नापास झाला की आम्ही तो लाल खोक्यात टाकतो आणि ‘का’ विचारायला बसतो. का, का, का, असं पाच वेळा. कामगाराचं लक्ष नव्हतं, असं उत्तर आलं तर मी कागद परत पाठवतो, म्हणतो, हे कारण नाही, ही तक्रार आहे. आणि स्वतःच्या बाबतीत मी पहिल्याच ‘का’ला थांबलो होतो. ओढली का? कारण त्या पोरानं पाकीट पुढे केलं. झालं, सही करा, फाइल बंद.

त्या रात्री खालच्या प्रश्नांकडे गेलो. टपरीवर होतो का? पहिलं वर्षभर मी टपरी टाळून कँटीनचा पांचट चहा प्यायचो. मग टपरीवर परत केव्हा जायला लागलो? मेच्या शेवटी. का? कारण चौदा महिने होत आले होते आणि मला वाटायला लागलं होतं की आता धोका टळला. त्याच्याही आधी, एप्रिलात, साडूच्या गच्चीवर लोक ओढत होते तिथे मी मुद्दाम वाऱ्याच्या बाजूला खुर्ची घेतली होती. वास तरी घेऊ, म्हणून. आणि त्याही आधी एक वाक्य डोक्यात येऊन गेलं होतं, स्पष्ट आठवतं, द्वारका चौकात सिग्नलला थांबलो असताना : ज्याला सोडता येते, त्याला कधीमधी एखादी ओढताही यायला पाहिजे. इतकं बिनचूक वाटलं होतं ते वाक्य. पानं तिथे सुकी राहिली. जूनची सिगरेट ही फक्त कट्ट्यातून निघालेली विडी.

दुसरी एक पळवाट मी तयार ठेवली होती, ती वयाची. शेहेचाळिसाव्या वर्षी सोडून काय उपयोग, व्हायचं ते नुकसान झालंय. हीही तपासून बघितली. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल यांनी १९५१ साली ३४ हजारांवर पुरुष डॉक्टरांच्या सवयी नोंदवायला घेतल्या आणि पुढे पन्नास वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीला सोडणाऱ्यांना त्यातली तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीला सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीला सोडणाऱ्यांना नऊ. मी सहा आणि नऊच्या मध्ये कुठेतरी बसतो. इतका साधा तक्ता आमच्या कंपनीतही कोणी करत नाही.

पहिल्या वेळी मी मुहूर्तावर सोडली होती. पाडवा, गुढी, कडुनिंब, घरातल्या सगळ्यांसमोर घोषणा. कोणाची मदत नाही, औषध नाही, छाती काढून. या वेळी म्हटलं गाजावाजा नको. फोन करायचा ठरवला तो राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनला, १८००-११-२३५६. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून ती २०१६ पासून चालते, पैसे पडत नाहीत. सोमवारी बंद असते. हे मला सोमवारीच कळलं. सोमवार गेला की निश्चयही जातो, हा माझा अनुभव, पण मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत परत लावला, पार्किंगमधल्या पत्र्याच्या शेडखाली उभं राहून. बाई हिंदीत बोलल्या. झोपेतून उठल्यावर पहिली सिगरेट किती मिनिटांत, हा त्यांचा प्रश्न. पंधरा, मी म्हटलं, आणि स्वतःशीच दचकलो. याआधी सोडली होती का? हो, चौदा महिने. मला वाटलं, आता त्या च्‌च्‌ करतील. त्या म्हणाल्या, चौदा महिने जमलं ते कसं जमवलंत ते सांगा.

हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. मीही नाही.

याच आठवड्यातला एखादा दिवस ठरवा, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, गुरुवारी आमच्याकडे अमावास्या आहे, गटारी. “तो क्या हुआ?” त्यांनी विचारलं. दिल्लीच्या बाईंना गटारी कशी समजावून सांगणार? गुरुवार, असं मी म्हणून टाकलं. त्या वर्षी गटारी गुरुवारी आल्यामुळे बऱ्याच जणांनी आधीच उरकून घेतली होती. उरलेले त्या रात्री गच्च्यांवर होते, पावसाच्या उघडिपीत मटणाचा वास अख्ख्या कॉलनीत पसरलेला. आणि मी गॅलरीत गालात निकोटिनची गोळी धरून बसलेलो. श्रावणात चार गोष्टी सोडायच्या म्हणून आदल्या दिवशी दहा करून घेणारं आपलं गाव, त्यात नेमका मी एक उलटा.

गोळी म्हणजे चघळायची. औषधाच्या दुकानात दोन मिलिग्रॅमची मिळते. पहिले दोन दिवस मी ती शाळेतल्या च्युइंगमसारखी कचाकचा चावली आणि मला उचकी लागली. अशी की थांबेना. आई आतून ओरडली, “कोण आठवण काढतंय रे एवढी?” मला माहीत होतं कोण. तिच्या दोरीला लायटर होता.

मग पाकिटातला कागद वाचला. हळू चावायची, झिणझिण्या आल्या की चावणं थांबवून गाल आणि हिरडीच्या मध्ये सारून ठेवायची, झिणझिण्या गेल्या की परत चावायची. गिळायची घाई केली की निकोटिन पोटात जातं, तिथे त्याचा उपयोग कमी आणि छळ जास्त. थोडक्यात, तंबाखूचा बार भरतात तशी धरायची. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला येणारी गोष्ट, आणि मी वाचून शिकलो. फक्त एक अडचण, आधीच्या पंधरा मिनिटांत चहा-कॉफी नको, नाहीतर ती तोंडात नीट शोषली जात नाही. चहा आणि सिगरेटची इतक्या वर्षांची सोयरीक अशी एका कागदानं तोडली.

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, हे पहिल्या वेळेमुळे माहीत होतं. तरी माहीत असून उपयोग होतोच असं नाही. शनिवारी घरात मुलांवर विनाकारण ओरडलो आणि गाडी काढून गोदाघाटावर गेलो. गंगापूर धरणातून विसर्ग चालू होता, रामकुंडाकडची छोटी देवळं पाण्यात. नाशिकमध्ये पूर क्युसेकमध्ये कोणी मोजत नाही. दुतोंड्या मारुती किती बुडाला ते विचारतात. पायाला लागलं का, गुडघ्याला आलं का, कमरेच्या वर गेलं का. लोक पुलावर गर्दी करून मारुतीकडे बघत होते, पोरं फोटो काढत होती. माझी तलफ त्या वेळी छातीपर्यंत होती. मी मोबाइलवर घड्याळ लावलं आणि कठड्याला धरून उभा राहिलो. गढूळ पाण्यातून एक ओंडका आला, मारुतीला अडला, गोल फिरला, पुढे गेला. बघितलं तर साडेचार मिनिटं झाली होती आणि पाणी कमरेवर आलेलं. माझं. मारुतीचं होतं तेवढंच होतं. नंतर मला सवयच लागली, तलफ आली की मनात विचारायचं, कुठवर आलं? बऱ्याचदा घोट्याच्या वर नसतंच, नुसती गर्दी फार.

अॅप परत घेतलं नाही. आईकडे हिशेबाची जुनी पद्धत आहे, तीच उचलली. एक वही, रोजची एक उभी रेघ, पाचवी आडवी. पहिल्या पानावर मी ४३४ लिहिले. त्याखाली एक ओळ सोडून पाच आठवड्यांच्या सिगरेटींचा अंदाजे आकडा, लाल पेनानं. आणि त्याखाली २४ जुलैपासूनच्या रेघा. सगळं एकाच पानावर. बायकोनं वही पाहिली, काही बोलली नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं डिकीतली वेलदोड्याची पुडी आणून मसाल्याच्या डब्यात ओतली.

खोकला वाढला, हे मध्येच सांगतो, कारण त्याला घाबरून लोक परत ओढायला लागतात. श्वासनळीतले बारीक केस इतकी वर्षं धुरानं सुस्त पडलेले असतात, ते जागे होऊन झाडू मारायला लागतात. सकाळी मी आणि आई आळीपाळीनं खोकायचो. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर ऑगस्टभर मी एकदा थांबत होतो. चौदा महिन्यांच्या काळात एका दमात जायचो.

पंचेचाळिसाव्या दिवशी छाट निघाली.

अनंत चतुर्दशी. वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली होती, ढोलांनी छातीचा पिंजरा हादरत होता, गुलाल नाकातोंडात. जुने मित्र भेटले. एकानं पेटवलेली सिगरेट हातात दिली, धर जरा, मी ढोल घेतो, असं म्हणून. धरली. धरलेली कुठे जाते? तीनचार झुरके घेतले असतील. मग ती पायाखाली विझवली आणि गर्दीतून अंग काढत मेन रोडच्या बोळात आलो. कानात अजून ढोल. आणि आतला तो ओळखीचा आवाज, अगदी प्रेमळ : जाऊ दे आता, मोडलंच आहे, उद्यापासून बघू, आज विसर्जन आहे.

इथे मी काही मोठा पराक्रम केला असं नाही. पाय दुखत होते म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो, एवढंच. खिशात गोळी होती, ती तोंडात टाकली. घड्याळ लावायचं विसरलो. घरी आलो तेव्हा साडेबारा झाले होते, आई जागी. गुलालानं माखलेल्या शर्टाचा वास तिला दारातूनच आला असणार, गुलालाखालचाही.

“किती?”

“एक. पूर्ण नाही.”

“लिही मग.”

लाल पेन सापडेना. मुलीच्या कंपासमधला स्केचपेन घेतला. त्या दिवशीच्या रेघेच्या जागी एक लाल टिंब काढलं आणि पुढच्या रेघेला जागा सोडून वही मिटली. सकाळी उठल्यावर पहिली पंधरा मिनिटं गेली, मग अर्धा तास गेला. सेहेचाळिसावी रेघ निळी आहे.

टपरीचा प्रश्न मात्र राहिला होता. मी मामांची उधारी दिली नव्हती. जुलैत सोडली तेव्हापासून तिकडे फिरकलोच नाही. आधी तलफेची भीती, मग पैशांची लाज. कंपनीच्या मागच्या गेटनं जायला लागलो होतो, रोज चारशे पावलं जास्त. मामा कधी लांबून दिसले की फोन कानाला. असं किती दिवस चालणार? ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर एका दुपारी सुटे पैसे मोजून घेतले, तोंडात गोळी ठेवली आणि समोरच्या गेटनं बाहेर पडलो.

मामा तसेच. स्टोव्ह तसाच. ताडपत्री काढलेली, त्यामुळे टपरी लहान दिसत होती. त्यांनी मला बघितलं आणि सवयीनं हात वर गेला, माझ्या ब्रँडच्या पाकिटाकडे. दोन बोटांत एक काढूनही झाली.

“नको मामा. हिशेब करा.”

त्यांनी हातातल्या सिगरेटीकडे बघितलं, ती परत पाकिटात सारली, जरा वाकडी झाली ती नखानं सरळ केली. गल्ल्याखालून वही काढली, तेलकट, दोऱ्यानं शिवलेली. थुंकी लावून पानं उलटली. माझ्या नावाचं पान सापडलं. नऊ सिगरेटी, दोन चहा. दोनशे रुपये.

मी नोटा दिल्या. त्यांनी मोजल्या, कपाळाला लावल्या, आकड्यावर तिरकी रेघ मारली.

“आता येत नाही का तुम्ही? पान फाडून टाकू?”

“राहू द्या,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले, आणि पान उलटून चहा गाळायला लागले.